क्षितिजाकडून मोजलेले तारे

कुमार आष्टेकर बोलायला लागले की ऐकणाऱ्याला वाटायचं, हे वाक्य आता शेवटाला जातंय की नाही. "मला वाटतं", "बहुधा", "चुकत असेन तर सांगा" अशी पायरी पायरीने ती वाक्यं चालायची. अमेरिकेत ओहायोतल्या डब्लिन गावच्या मराठी मंडळातली तरुण मंडळी पाठीमागे त्यांना 'बहुधा काका' म्हणत. ते त्यांच्या कानावर आलं होतं, पण त्यांनी मनावर घेतलं नाही. ओहायोच्या सरकारी रस्तेखात्यात पूल तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि त्या कामात बहुधा म्हणणारा माणूस बरा, छातीठोक बोलणारा नको, असं त्यांचं मत होतं. गमबूट घालून पुलाखाली उतरायचं, काठाकडचा खांब एक धरायचा, मग दोन, मग तीन. हातोडीने ठोकायचं, आवाज ऐकायचा. जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहायचं. चिखलामुळे खांबाचा पाया दिसला नाही, तर 'दिसला नाही' असं लिहायचं. 'ठीक असावा' असं नाही.

रिटायर झाल्यावर त्यांनी एक दुर्बीण घेतली. आठ इंची आरशाची, पाण्याच्या पिंपासारखी जाड नळी, खाली लाकडी बैठक. कांचनकाकूंनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा त्या म्हणाल्या, "अहो, हा बंब कुठे ठेवायचा?" तेव्हापासून घरात तिचं नाव बंबच पडलं.

या नादामागे श्रीराम होता. श्रीराम आणि कुमार सांगलीच्या कॉलेजात एका खोलीत राहिले होते. पुढे श्रीराम ऑस्ट्रेलियात पर्थला गेला, कुमार अमेरिकेत आले. ओहायोत शनिवारची संध्याकाळ झाली की पर्थमध्ये रविवारची सकाळ होते. त्या वेळेला दोघे कॉम्प्युटरवरून बोलत. श्रीरामकडेही दुर्बीण होती, त्यांच्याहून दोन इंचांनी मोठी, आणि हे तो दर शनिवारी सांगायचा.

सांगलीच्या गच्चीवरून उत्तरेला सप्तर्षी आणि दक्षिणेला नरतुरंग असे दोन्ही नीट वर आलेले दिसत. आता एकाच्या वाट्याला एक आला होता आणि दुसऱ्याला दुसरा. पर्थहून सप्तर्षी जमिनीला टेकलेले, तेही उलटे. ओहायोतून नरतुरंगाचे, म्हणजे त्या अर्ध्या माणूस अर्ध्या घोड्याचे, नुसते खांदे दिसत, बाकीचा घोडा जमिनीखाली. एका शनिवारी श्रीरामनेच पैज घातली. सप्तर्षींच्या शेपटाशी एक दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखी दुसरी, अतिशय दूरची. ती मी पर्थहून बघून दाखवतो. नरतुरंगात एक आहे, मधोमध काळा पट्टा असलेली. ती तू ओहायोतून बघायची. अट एकच. दुर्बिणीपाशी उभं राहून पेन्सिलीने चित्र काढायचं आणि ते काढून होईपर्यंत फोटो बघायचा नाही.

श्रीरामने आपली बाजू पुरी केली. पर्थच्या उत्तरेला एका गव्हाच्या रानात जाऊन त्याने ती दीर्घिका पाहिली, चित्र पाठवलं, आणि वर म्हणाला, "काय रे लेका, तुझा घोडा अजून जमिनीतच का? टाच मार त्याला!"

"बघू. बहुधा या वसंतात जमेल," कुमार म्हणाले.

"तुझ्या बहुधाला किती वसंत लागतात?"

खरं तर एकच वसंत उरला होता. साल २००६ चाललं होतं. कांचनकाकूंचे गुडघे जिना चढू देत नव्हते, आणि शिकागोजवळ शॉमबर्गला मिहीरने, म्हणजे त्यांच्या मुलाने, तळमजल्यावर आईवडिलांसाठी खोली तयार करून घेतली होती. डब्लिनचं घर विकलं गेलं होतं. जूनमध्ये निघायचं होतं. शॉमबर्ग आणखी उत्तरेला. तिथे ती दीर्घिका क्षितिजावर, हात लांब करून मोजली तर, जेमतेम अर्धी मूठ वर येणार, तीही शिकागोच्या उपनगरांच्या उजेडात. म्हणजे येणारच नाही म्हणा. आणि बंब त्या घरात नेता येईल की नाही, हेही अजून ठरलं नव्हतं. सूनबाई नेत्राने गॅरेज बघते म्हटलं होतं, पण गॅरेज त्यांनीही पाहिलं होतं. तिथे दोन गाड्या आणि एक ट्रेडमिल होती.

कुमारना ही दीर्घिका का बघायची होती, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं. एवढंच की आयुष्यात त्यांनी स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट होती, आणि ती मिळण्यासारखी होती.

डब्लिनहून दक्षिणेला दोनेक तास गेलं की ओहायो नदी लागते. तिथे उंच काठावर डेलचं शेत होतं. डेल हा त्यांच्या पूल तपासणीच्या टोळीतला जुना माणूस. त्याच्या शेताच्या कडेला उभं राहिलं की खाली नदी, पलीकडे केंटकीचे डोंगर, आणि दक्षिण मोकळी. एप्रिलच्या शेवटी अमावास्येच्या सुमाराला कुमार तिथे बंब घेऊन गेले. नदीवर पातळ धुकं होतं. श्रीरामने सांगून ठेवलं होतं, "ठळक ताऱ्यांची एक वाकडी ओळ क्षितिजापासून वर येते. खालून दुसरा तारा धर. त्याच्या उजवीकडे, हात लांब केलास तर तीन बोटं. तिथे आहे."

कुमारनी खालून मोजलं. एक, दोन. दुसऱ्या ताऱ्यावर नळी रोखली, आयपीसला डोळा लावला, आणि ते दचकलेच. ताऱ्याला अगदी खेटून एक फिका, गोलसर डाग होता. हलवलं तरी सोबत हलत होता, म्हणजे काचेवरचा नव्हता. थेट बघितलं की विरायचा, कडेने बघितलं की यायचा. तीन बोटं दूर असायला हवा होता, हे त्यांच्या मनात आलं. पण क्षितिजाजवळ हवा सगळंच वाकवते, असं त्यांनी स्वतःला समजावलं. तिथेच उभं राहून चित्र काढलं. काळा पट्टा दिसला नव्हता म्हणून काढला नाही.

सकाळी डेलने अंडी तळता तळता विचारलं, "सो, यू गॉट युवर गॅलक्सी?"

"येस," कुमार म्हणाले. एकच शब्द, पुढे मागे काही नाही. डेलने वळून बघितलं. या माणसाने एवढं सरळ उत्तर दिलेलं त्याने कधी ऐकलं नव्हतं.

कांचनकाकूंनी ही बातमी फोनवर दोन घरी सांगितली आणि मराठी मंडळाने ती उरलेल्या साठ घरी. मंडळाची अध्यक्ष रुपाली मूळची नागपूरची, एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचं बघायची, आणि तिच्या अंगात कार्यक्रम करायची हौस मावत नसे. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला.

"काका, कॉन्ग्रॅच्युलेशन्स! महाराष्ट्र दिनाच्या प्रोग्रॅमला तुमचा सत्कार करतोय आपण. शाल, श्रीफळ, आणि पाच मिनिटं तुमचं भाषण."

"अगं, सत्कार कसला? ती काही मी शोधलेली नाही. पावणेदोनशे वर्षं लोकांना माहीत आहे ती."

"पण ओहायोतून कोणी बघितली होती का?"

"बहुधा पुष्कळांनी."

"मराठी माणसाने?"

"ते मात्र सांगता यायचं नाही," कुमार म्हणाले. रुपालीने ते होकार म्हणून घेतलं. संध्याकाळी ईमेलवर पत्रक आलं. त्यात कुमार आष्टेकर यांनी 'ओहायोच्या आकाशात आकाशगंगा शोधली' असं छापलं होतं. शेजारी त्यांचा पासपोर्टचा फोटो. त्यांनी ते तीनदा वाचलं आणि कॉम्प्युटर बंद केला. पण खरं सांगायचं तर आत कुठेतरी बरंही वाटलं.

चित्र श्रीरामला पाठवून झालं होतं. शनिवारी संध्याकाळी ते तयारीने बसले. श्रीराम आता काय काय बोलेल, त्याला काय उत्तर द्यायचं, हेही थोडं जुळवून ठेवलं होतं.

"चित्र मिळालं," श्रीराम म्हणाला. "छान आहे."

कुमार थांबले. पुढे काही येईल म्हणून.

"आमच्याकडे यंदा लिंबं इतकी लागलीत," श्रीराम म्हणाला, "की शेजाऱ्यांना वाटतोय."

लिंबांवर बोलून फोन संपला. कुमार खुर्चीत तसेच बसून राहिले. कांचनकाकू भाजी चिरत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "काय म्हणाला?"

"छान आहे म्हणाला."

"मग?"

"श्रीराम छान म्हणाला, कांचन. माझ्या लग्नातल्या सुटालासुद्धा तो छान म्हणाला नव्हता."

आठवडाभर त्यांचं खाण्यापिण्यात लक्ष नव्हतं. खोकी भरायची होती, ती अर्धवट पडली. ताऱ्यांचा नकाशा उघडायची हिंमत होत नव्हती, कारण उघडला की कळणार, आणि कळलं की सत्काराचं काय करायचं ते ठरवावं लागणार. पुढच्या शनिवारी, कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी, त्यांनी नमस्कार चमत्कार न करता विचारलं.

"श्रीराम, लिंबाचं नंतर. माझं चित्र चुकलंय का?"

"चुकलं असं नाही रे..."

"हे बघ. पूल मजबूत आहे की नाही, एवढंच सांग. मला वाईट वाटेल म्हणून पूल उभा राहत नाही."

पर्थमध्ये श्रीरामने चित्राचा कागद समोर ओढल्याचा आवाज आला. मग श्रीराम म्हणाला, "तू पाहिलीस ती दीर्घिकाच आहे. पण ती नव्हे. तिच्या वरची, छोटी. ठळक ताऱ्याला चिकटलेली असते ना, ती. तू एक तारा वरचा धरलास."

"मी खालून दुसराच धरला होता."

"तुझ्या नदीवर धुकं होतं म्हणालास. सगळ्यात खालचा तारा त्यात बुडाला असणार. तू ज्याला एक म्हणालास तो दोन होता."

कुमारनी डोळे मिटले. काठाकडचा पहिला खांब पाण्याखाली असला तर मोजणी एकने चुकते. हे त्यांनी स्वतः नवीन पोरांना शिकवलं होतं. म्हणून पूल तपासताना दोन्ही काठांकडून मोजायचं असतं.

"आधी का नाही बोललास?"

"वहिनींनी सत्काराचं सांगितलं होतं. म्हटलं, तू घर सोडून चाललायस, राहू दे. तुला आयुष्यात कोणी शाल दिलीय का? आणि खालून मोज असं मीच सांगितलं, ना? इथे माझ्या डोक्यावर असते ती. क्षितिजावर धुकं असतं, हे माझ्या टाळक्यातच आलं नाही. गाढव मी आहे."

"गाढव आपण दोघं," कुमार म्हणाले, आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

पण हसू फोनपुरतंच. त्यांनी लगेच रुपालीला फोन लावला.

"रुपाली, सत्कार कॅन्सल कर. मी पाहिली ती दुसरीच निघाली."

"दुसरी म्हणजे? आकाशगंगा नाही?"

"आहे. पण ती नाही."

"मग प्रॉब्लेम काय आहे, काका? आकाशगंगा ती आकाशगंगा. हॉल बुक झालाय, शाल आलीय, माझी मावशी परवाच इंडियाहून घेऊन आली. आणि खरं सांगू, आपल्या लोकांना त्यातलं काय कळतंय?"

"तेच ना," कुमार म्हणाले. "कळत नाही म्हणून ते माझ्यावर विश्वास ठेवणार."

 रुपाली म्हणाली, "बरं. तुम्ही या तर खरं. मी बघते."

कांचनकाकूंना सगळं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "शाल घ्या हो. घर हलवताना काचेची भांडी गुंडाळायला होईल." आणि थोड्या वेळाने, दिवा मालवताना, "पण बोला तुम्ही. नाहीतर शॉमबर्गला जाईपर्यंत मला झोपू द्यायचा नाहीत."

रविवारी दुपारी शाळेच्या कॅफेटेरियात दीडशेएक माणसं जमली होती. श्रीखंडाच्या वाट्या भरून ठेवलेल्या. एका कोपऱ्यात लेझीमवाल्या मुली नंबर लागायची वाट बघत होत्या. कुमारच्या हातात माइक दिला तेव्हा तो आधी बंद होता, मग किंचाळला.

"मी जे बघितलं म्हणून तुम्ही मला बोलावलं," ते म्हणाले, "ते मी बघितलेलं नाही. मी मोजताना एक तारा चुकलो. शेजारची एक दुसरी, छोटी दीर्घिका बघितली, आणि तीच म्हणून सगळ्यांना सांगितलं. तेव्हा शाल मला नको. एवढंच. चुकत असेन तर... नाही, चुकलोच आहे."

कॅफेटेरियात कोणाला टाळ्या वाजवाव्यात की नाही ते कळेना. लेझीमवाल्यांतली सावनी, सातेक वर्षांची, पुढे येऊन मोठ्याने म्हणाली, "सो यू वेंट टू द राँग हाउस?"

"येस," कुमार म्हणाले. "द नेबर्स हाउस."

"वॉज इट नाइस?"

त्यांना यावर विचार करावा लागला. "येस," ते म्हणाले. "इट वॉज व्हेरी नाइस. आय डिडन्ट से थँक यू."

मग मात्र हशा पिकला आणि टाळ्याही पडल्या. रुपालीने माइक काढून घेतला. "काका, शाल घ्यावीच लागेल, कारण तुम्ही आम्हाला सोडून शॉमबर्गला चाललाय. त्यात तरी काही चूक नाही ना?" असं म्हणून तिने ती त्यांच्या खांद्यावर टाकली. नारळ कांचनकाकूंकडे गेला. आठवड्याभरानंतर कुमारना खाणं गोड लागलं. श्रीखंड त्यांनी दोनदा घेतलं.

मे महिन्याच्या अखेरीला मेमोरियल डेची जोडून सुट्टी आली, आणि तेव्हाच अमावास्याही होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात सामानाचा ट्रक येणार होता. आठवडाभर वादळी पाऊस झाला. शनिवारी दुपारी तो थांबला, आणि कांचनकाकू म्हणाल्या, "मी पण येते. एवढं लांब एकट्याने ड्राइव्ह करायचं वय नाही तुमचं." गुडघ्याखाली उशी घेऊन त्या पुढच्या सीटवर बसल्या. मागे बंब आडवा.

डेलच्या शेतावर गवत ओलं होतं. पावसाने हवा धुऊन काढली होती. पलीकडच्या डोंगरांची कड सुरीने कापल्यासारखी स्पष्ट होती. अंधार पडेपर्यंत दोघांनी चहा घेतला. मेच्या शेवटाला अंधार पडतो तेव्हाच ती दीर्घिका दक्षिणेला सगळ्यात वर आलेली असते, म्हणजे जेमतेम एक मूठ. थांबायला वेळ नव्हता, आणि घाई करूनही चालणार नव्हतं.

या वेळी कुमारनी वरून मोजलं. वरचा एक, त्याखालचा दोन, त्याखालचा तीन. मग खालून मोजलं. क्षितिजाला टेकलेला, लालसर लुकलुकणारा एक, त्यावरचा दोन. दोन्ही मोजण्या एकाच ताऱ्यावर येऊन मिळाल्या. हात लांब करून त्यांनी त्या ताऱ्याच्या उजवीकडे तीन बोटं धरली आणि नळी तिथे फिरवली.

तिथे होती. शेजारी ठळक तारा नाही. एकटीच. पहिल्या दीर्घिकेपेक्षा मोठी, पण जमिनीजवळच्या हवेतून बघितल्यामुळे मळकी, काचेवर फुंकर मारल्यावर उठते तशी वाफ. ती थरथरत होती. त्यांनी डोळा काढला, पुन्हा लावला. होतीच.

लाल उजेडाची बॅटरी तोंडात धरून त्यांनी गुडघ्यावर कागद ठेवला आणि काढायला लागले. आधी आजूबाजूचे तारे. मग वर्तुळ, बोटाने पुसून फिकं केलेलं. काळ्या पट्ट्यापाशी पेन्सिल थांबली. मधोमध काहीतरी होतं, असं कधी वाटायचं. वर्तुळ दुभंगल्यासारखं. पण पट्टा तिथे आहे हे त्यांना माहीत होतं, आणि माहीत असलेली गोष्ट डोळ्यांना फार लवकर दिसते.

कांचनकाकू काठी टेकत जवळ आल्या. "दिसली?"

"दिसली."

"या खेपेला तीच?"

"तीच. दोन्हीकडून मोजलंय."

काकूंनी कागदाकडे बघितलं. "मधला तो काळा पट्टा म्हणत होतात, तो नाही काढला?"

"नीट दिसला नाही."

"पण आहे ना तिथे?"

"आहे."

"मग काढा की. आता परत कुठे येणार आहोत आपण इथे?"

कुमारनी पेन्सिल कानावर ठेवली आणि परत आयपीसला डोळा लावला. एक मोठा श्वास घेऊन, हवा स्थिर व्हायची वाट बघत, ते बराच वेळ तसेच वाकून राहिले. कंबर दुखायला लागली. एकदा, क्षणभर, ते वर्तुळ दोन अर्ध्या भागांत उभं राहिलं, आणि पुन्हा मिसळून गेलं. ते सरळ झाले. वर्तुळाच्या मधोमध त्यांनी काहीच काढलं नाही. खाली बारीक अक्षरांत लिहिलं, 'पट्टा एकदा दिसल्यासारखा वाटला. खात्री नाही.'

"झालं?" काकूंनी विचारलं.

"झालं."

"मग मला बघू दे."

बुटक्या स्टुलावर त्यांना बसवायला थोडी खटपट झाली. एक गुडघा वाकेना, म्हणून तो पाय गवतात लांब सोडून त्या तिरप्या बसल्या, एका हाताने नवऱ्याची बाही धरून. बाहीवर मंडळाची शाल होती. नदीकाठी गारठा होता. डोळा लावून त्या बघायला लागल्या. केंटकीच्या बाजूला दूर एक मालगाडी जात होती. पृथ्वी फिरते तशी दीर्घिका नळीतून सरकत कडेला जायची, आणि मग कुमार वाकून, काकूंच्या खांद्यावरून हात नेऊन नळी अलगद ढकलायचे. असं बऱ्याच वेळा झालं. काकूंना काय दिसतंय ते त्यांनी विचारलं नाही. दीर्घिका डोंगराकडे झुकायला लागेपर्यंत त्या उठल्या नाहीत, आणि त्यांनीही उठवलं नाही.